साडूंनी दिलेला रेनकोट

शनिवार, ता. ४

ही वही मापांची आहे. पानावर छाती, कंबर, बाही, उंची असे रकाने छापलेले आहेत, त्यांच्यावरूनच लिहितोय. दुकान बंद ठेवलंय, गिऱ्हाईक नाही, मग वही तरी रिकामी कशाला ठेवायची.

आज चालायला सुरुवात केली. डोंगरांच्या कडेने जाणारी ही वाट थेट समुद्रापर्यंत जाते. रोज एका मुक्कामाच्या घरी पोचायचं, जेवायचं, झोपायचं आणि सकाळी पुन्हा पाय ओढायला लागायचं. सुखाचा जीव दुःखात घालण्याचा हा बेत माझा नव्हे. साडूभाऊंचा.

साडूभाऊ म्हणजे हिच्या मोठ्या बहिणीचे यजमान. थोरले जावई. ते कापडगिरणीत रंगखात्यात होते. दोन तागे समोर धरले की कुठला किंचित जास्त लाल आहे ते उभ्या उभ्या सांगायचे. त्यांच्या नजरेचं सासरेबुवांना फार कौतुक. मी सूट शिवून नेला तरी सासरेबुवा आधी म्हणायचे, "थोरल्यांना दाखवा, रंग बरा आहे का ते सांगतील." शिवण कशी आहे ते कुणी बघायचं नाही. मी शिंपी माणूस, मला रंगाचं काय कळणार, असा एकूण हिशेब.

गेल्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. निवृत्तीला अवकाश होता. विचारलं तर म्हणाले, कंटाळा आला. कंटाळा मलाही येतो, पण दुकान उघडावं लागतं.

त्यांना भाऊ आहे, जावई आहे, डोंगर चढणारे मित्र आहेत. हे सगळे सोडून माझ्याकडे का आले, देव जाणे. मी नाहीच म्हणणार होतो. ही म्हणाली, "आपणहून विचारलंय त्यांनी. आता उगाच भाव खाऊ नका."

बसमधून उतरल्यावर त्यांनी मला एक पुडकं दिलं. आत रेनकोट. पिवळा. रस्ता खणणारी माणसं घालतात तसला झणझणीत पिवळा. म्हणाले, "मास्तर, तुमच्यासाठी दुकानं पालथी घालून आणलाय. चालताना हाच घाला." पावसाचा पत्ता नव्हता. तरी घाला म्हणाले, वर वारा लागतो. स्वतःचा त्यांचा साधा निळा आहे.

वाट सुरू झाली तसे म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. मी मागून येतो." इतक्या वर्षांत साडूभाऊंनी मला कशातही पुढे होऊ दिल्याचं आठवत नाही. मी झालो पुढे.

सोमवार, ता. ६

पाय सुजलेत. बाकी ठीक.

वाटेच्या खुणा म्हणजे दगडांवर मारलेले पांढरे पट्टे. शोधायला नजर लागते. आज पाणी प्यायला मी थांबलो तर साडूभाऊ तसेच पुढे गेले आणि हातभर उंच पट्टा उजवीकडे दाखवत असताना डावीकडे वळले. मी हाक मारली. म्हणाले, "बघितला होता, गंमत केली." गंमत करणाऱ्या माणसाचा चेहरा असा उतरत नाही. रंगखात्यातल्या मोठ्या माणसाला पांढरा पट्टा दिसला नाही, मला दिसला. सासरेबुवा हवे होते.

त्यांच्या सवयी आता जवळून बघायला मिळताहेत. चहा ओतताना बोट कपाच्या आत धरतात. सांगितलं तर म्हणतात, "कप माझाच आहे ना?" मुक्कामाच्या घरी फळ्यावर जेवणाचे प्रकार लिहिलेले असतात. तिथे मला म्हणतात, "तुम्हीच सांगा मास्तर, तुम्हाला खाण्यातलं कळतं." मी वाचतो, सुचवतो, ते मुकाट्याने खातात. हे बरं चाललंय.

एक गोष्ट मात्र खटकते. माझ्याशी बोलताना ते माझ्याकडे बघत नाहीत. कोंबडीसारखी मान जरा तिरकी करून माझ्या कानापलीकडे कुठेतरी बघतात. धाकट्या जावयाकडे सरळ बघायचं म्हणजे बहुतेक कमीपणा वाटत असावा.

गुरुवार, ता. ९

आज पहिला पाऊस लागला. फार नाही, पण तेवढ्यात रेनकोटची परीक्षा झाली आणि तो नापास झाला. दोन्ही खांद्यांतून पाणी आत. मुक्कामी आल्यावर उलटा करून पाहिला. शिवण सरळ आहे, पण आतून पट्टी चिकटवलेली नाही. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येणारच. मी मनात आणलं तर तासाभरात दुरुस्त करीन. मनात आणलं नाही. दुकानं पालथी घालून आणलेली वस्तू अशी निघाली, हे त्यांना जरा कळू दे.

"गळतो," मी म्हटलं.

"वाळेल," ते म्हणाले.

जेवताना शेजारच्या टेबलावरच्या चालणाऱ्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यातली एक म्हणाली, "काका, तुम्ही पलीकडच्या डोंगरावरून दिसत होता. आम्ही तुमच्याकडे बघूनच वाट धरली." साडूभाऊ एकदम खूश झाले. "बघा, मी म्हणत नव्हतो?" म्हणाले. माझं हसं होतंय त्यात आनंद वाटण्यासारखं काय आहे?

हिचा फोन आला. ताई, म्हणजे हिची मोठी बहीण, तिच्याजवळच बसल्या होत्या. विचारत होत्या, हे डोळ्यांत थेंब घालतात ना वेळेवर? म्हटलं, घालतात, सकाळ-संध्याकाळ. धुळीचा त्रास आहे म्हणे त्यांना. या डोंगरात धूळ कुठे आहे, पण शेवटी ज्याची त्याची हौस.

शनिवार, ता. ११

वाटेत मोठं गाव लागलं. दुकानात गेलो आणि चांगला रेनकोट घेतला. पातळ, हलका, सगळ्या शिवणी आतून बंद केलेल्या. राखाडी. माणसाने घालावा असा रंग.

साडूभाऊंनी तो हातात घेतला, चुरगळून पाहिला आणि विचारलं, "रंग कोणता आहे?"

मला झोंबलं. ज्या माणसाने राखाडीच्या चाळीस छटा वेगळ्या सांगाव्यात तो मला विचारतोय रंग कोणता. म्हणजे हा रंग म्हणायच्या लायकीचा नाही, असंच ना?

"राखाडी," मी म्हटलं.

त्यांनी रेनकोट माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "पिवळाच घाला, मास्तर."

"गळतो तो."

"गळू दे थोडा."

"खांदे माझे भिजतात, तुमचे नाही."

"मी सांगतो म्हणून घाला."

आता हे जास्त झालं. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं की ऐकायला मी सासरेबुवा नाही." दुकानदार आमच्याकडे बघत होता. पिवळा मी सॅकच्या तळाशी कोंबला.

संध्याकाळपासून आमच्यात बोलणं नाही. त्यांनी सूप अर्धं टाकलं. मीही मनवायला गेलो नाही. या वयात रुसणाऱ्याला मनवायचं तरी कसं?

सोमवार, ता. १३

काल लिहायचं जमलं नाही. आज लिहितोय ते कालचं.

पाऊस रात्रीच लागला होता. सकाळी मुक्कामाच्या घरची मालकीण म्हणाली, खिंड ओलांडायची असेल तर लवकर निघा, ढग खाली उतरला की वर काही दिसत नाही. साडूभाऊ म्हणाले, "आज थांबू या." मी विचारलं, का? त्यांना कारण देता येईना. "पाऊस आहे," म्हणाले. मी म्हटलं, "असू दे की. माझ्याकडे आता न गळणारा रेनकोट आहे." निघालो.

चढावर ढगाने गाठलंच. माझ्या बुटांपुढे चार-पाच दगड दिसत होते, त्यापुढे सगळं पांढरं. साडूभाऊ एरवी चालताना तोंड उघडत नाहीत. काल त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. कॉलरच्या आत काय घालता? खांद्याचा उतार कसा धरता? गिऱ्हाइकाचा एक खांदा खाली असला तर काय करता? आधी मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नव्हतं. रुसवा काढायची त्यांची ही रीत असेल म्हणून मी अगदी सविस्तर सांगत होतो. मग त्यांनी पुन्हा विचारलं, कॉलरच्या आत काय घालता? हे मी आत्ताच सांगितलं होतं. म्हणजे त्यांना उत्तर नकोच होतं. माणूस नुसती माझी टर उडवत होता.

मी बोलणं बंद केलं.

"मास्तर?" मागून आवाज आला. मी गप्प.

"मास्तर, आहात ना?"

आहे तर, जाणार कुठे, असं मनात म्हणालो आणि पाय उचलले. मुद्दाम जरा भरभर. हेही लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं.

खिंडीच्या आधी एक मोठा दगड आहे, त्याच्या आडोशाला थांबलो. म्हटलं, येतील धापा टाकत. आले नाहीत. हाक मारली, ओ नाही. पाऊस रेनकोटच्या टोपीवर इतका वाजत होता की मला माझाच आवाज नीट ऐकू येईना. थोडं खाली गेलो. आणखी खाली गेलो. वाट तीच, पण वाटेवर माणूस नाही. ताईंना काय सांगू, हे पहिलं मनात आलं. त्यांना काही झालं तर, हे नंतर आलं. खोटं कशाला लिहू.

टोपी मागे टाकली तेव्हा ऐकू आलं. वाटेच्या खालच्या अंगाला कुणीतरी बोलत होतं. हळू, समजुतीच्या आवाजात. मी दगडांना धरत धरत उतरलो.

खाली तारेचं कुंपण आहे. गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून घातलेलं, कारण पलीकडे कडा आहे. कुंपणापलीकडच्या खुंटाला गुरांच्या खाद्याची एक रिकामी गोणी अडकली होती आणि वाऱ्याने हलत होती. पिवळी. साडूभाऊंनी एक पाय तारेपलीकडे टाकला होता, दोन्ही हातांनी खांब धरला होता आणि ते त्या गोणीशी बोलत होते.

"रागावू नका, मास्तर. पिवळा घातलात ते बरं केलंत. फक्त थोडं हळू चला, मला वाट सापडेना झालीय."

मी तिथेच उभा राहिलो. सगळं एकदम कळलं असं लिहिणार होतो, पण तसं झालं नाही. आधी तो चहाच्या कपातला हात आठवला, मग तिरकी मान, मग फळा, मग तो पांढरा पट्टा. एकेक टाका उसवत गेला. ओरडलो असतो तर ते दचकले असते. म्हणून दुकानात बोलतो तसं बोललो.

"साडूभाऊ, तो पाय अलीकडे घ्या. मी मागे आहे."

ते हलले नाहीत. मग विचारलं, "मग हा कोण?"

"गोणी आहे."

"असं होय," ते म्हणाले. "तरीच उलटून बोलत नव्हते."

त्यांनी पाय अलीकडे घेतला. मी त्यांचा दंड धरला तो इतका घट्ट की आज तिथे वळ दिसतोय. दोघंही ओल्या गवतात बसलो. मग मी सॅक उघडली, तळाचा पिवळा ओढून काढला आणि राखाडीवरून चढवला. त्यांनी मान तिरकी करून माझ्या कानापलीकडे बघितलं आणि हसले.

खिंड सोडली. त्यांचा हात माझ्या सॅकच्या पट्ट्याला देऊन सकाळच्या घरी परत आलो. सगळ्या वाटेने मी बोलत होतो. कॉलरचं सगळं पुन्हा सांगितलं.

शेगडीपाशी बसल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. मधलं गेलंय, कडेचं आहे. "तुमच्याकडे सरळ बघितलं की तुम्ही नसता. जरा बाजूला बघितलं की कडेला येऊन उभे राहता." गिरणीत त्यांनी एक निळा पास केला होता, तो निळा नव्हता. कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. थेंबांचा उपयोग नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. ताईंना वाटतं, थेंबांनी बरं होतंय. पिवळा अजून कळतो, तेवढा एकच रंग लांबून कळतो. पुढच्या वर्षी तोही कळेल की नाही, सांगता येत नाही.

"समुद्रापर्यंत एकदा पायी जायचं आहे," म्हणाले. "तुमच्या ताईला कळलं तर ती उद्याच्या बसने इथे येईल आणि परवाच्या बसने मला घरी नेईल. मग मी कायम घरीच."

मला राग आला. खूप आला. म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंत? आणि मुळात मलाच का आणलंत? भाऊ आहे तुमचा, जावई आहे."

"ते मला सांभाळतील," साडूभाऊ म्हणाले. "हात धरतील, दर दगडाला सांगतील. तुम्ही नाही सांभाळणार. तुम्ही पुढे चालाल."

आणि मी इतके दिवस समजत होतो की माणसाला माझी किंमत कळली. वाईट वाटलं, ते लिहून ठेवतो. त्यांच्या डोळ्यांचंही वाटलं. पण आधी माझंच वाटलं.

मंगळवार, ता. १४

पाऊस थांबला नाही. इथेच मुक्काम.

मालकिणीकडे छपराच्या गळतीवर लावायची चिकटपट्टी होती. ती मागून घेतली. पिवळा रेनकोट उलटा केला, शिवणी कोरड्या केल्या आणि आतून पट्टी लावत बसलो. खांद्याच्या गोलाईवर ती बसत नाही, बारीक काप देऊन बसवावी लागते. साडूभाऊ शेजारी बसून बोटाने चाचपून बघत होते. "इथे सुटलंय," म्हणाले. खरंच सुटलं होतं.

संध्याकाळी हिचा फोन आला. ताईही होत्या. फोन हातात घेण्याआधी मी मनाशी घोळवत होतो. सांगितलं तर ते जन्मात माझ्याशी बोलणार नाहीत. नाही सांगितलं आणि पुढे काही झालं, तर ताई जन्मात बोलणार नाहीत. शिवाय मी स्वतःशी काय बोलणार, तो प्रश्न वेगळाच. साडूभाऊ समोर बसून हाताने टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा करत होते. एकही राहू नये असे. माझ्याकडे तोंड नव्हतं, म्हणजे बघत असावेत.

ही म्हणाली, "काल फोन लागला नाही. सगळं ठीक ना?"

"ठीक. पाऊस आहे."

"तुमचे साडूभाऊ काय म्हणतात?"

"मजेत आहेत. माझ्या मागे मागे चालतात."

"बघा, शेवटी तुमचं ऐकायला लागले."

"हो," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी साडूभाऊंना दोन अटी घातल्या. कड्याच्या वाटेवर माझ्या सॅकचा पट्टा धरायचा, तिथे मानपान चालणार नाही. आणि समुद्र बघून घरी गेलो की त्याच दिवशी ताईंना त्यांनी स्वतः सांगायचं, नाही तर मी सांगेन. दोन्ही कबूल केल्या. माझं बरोबर चाललंय की नाही, मला माहीत नाही. दुकानात असतो तर हिला विचारलं असतं.

शुक्रवार, ता. १७

काल खिंड ओलांडली. निळं आकाश, वारा नाही, ढगही नाही. गोणी अजून तिथेच आहे. आम्ही तिला नमस्कार केला.

आज पलीकडचा उतार. माथ्यावर बसलो तेव्हा साडूभाऊ म्हणाले, "समोर काय आहे ते सांगा."

मला असलं वर्णन जमत नाही. म्हटलं, "जवळचा डोंगर शाळेच्या गणवेशाच्या चड्डीच्या रंगाचा."

"नवी की धुतलेली?"

"बरीच धुतलेली. त्यामागचा सुटाच्या अस्तराचा. त्याच्यामागचा कळत नाही, आकाशच असावं."

"त्यात किंचित जांभळा आहे का?"

नीट बघितलं. होता. मी इतका वेळ बघत होतो तरी मला दिसला नव्हता. तसं सांगितलं, तर स्वारी दिवसभर तोऱ्यात. सासरेबुवा असते तर म्हणाले असते, थोरल्यांना विचारा.

ऊन मरणाचं होतं. पिवळा सॅकवर बांधून बघितला, पण तो घसरून खाली लोंबत राहतो आणि पाठीमागून नीट दिसत नाही. घालणंच बरं. नवीन पट्टीने वारासुद्धा आत येत नाही, शर्ट पिळून काढावा लागला. त्या दिवशीच्या बायका पुन्हा भेटल्या. एकीने विचारलं, "काका, पाऊस येणार आहे का?" मी म्हटलं, "सांगता येत नाही."

दुपारी मागून साडूभाऊ म्हणाले, "मास्तर, उकडत असेल. काढा तो. आज लख्ख आहे, मला दिसताय तुम्ही."

"मला थंडी वाजतेय," मी म्हटलं.

"या उन्हात?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. "मग घाला."

संध्याकाळपर्यंत घालून चाललो.